शंभरी साजरी कराल, तर दप्तरही उघडा

प्रति,
महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम, बेस्ट भवन, कुलाबा
आणि
आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: मुंबईच्या बसची शंभर वर्षे आणि त्यात राहून गेलेली माणसे

महोदय,

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. जुलै २०२६ मध्ये तिला शंभर वर्षे होतात. समारंभ होईलच. एखादी जुनी डबलडेकर रंगवून उभी केली जाईल, तिच्यासमोर फोटो निघतील आणि 'मुंबईची जीवनवाहिनी' हे शब्द प्रत्येक भाषणात येतील. माझी त्याला हरकत नाही. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकासाठी मीही भावंडांशी भांडले आहे. पण आपल्याकडे वाहतुकीचा इतिहास म्हणजे गाड्यांचा इतिहास. घोडे गेले, वीज आली, ट्राम गेली, बस आली. त्या गाडीत कोण चढत होते, कोणाला ते परवडत नव्हते, गाडी हाकणाऱ्याचे घर कशावर चालत होते, हे सांगायचे राहूनच जाते. म्हणून शंभरीच्या निमित्ताने एक मागणी आहे. आपल्या डेपोंत, कचेऱ्यांत, गोदामांत जे जुने दप्तर, म्हणजे नोंदी आणि कागदपत्रे, उरले असेल ते लोकांसाठी उघडा, आणि पुढचा मार्ग बंद करण्याआधी किंवा पुढची भाडेवाढ करण्याआधी ते स्वतःही वाचा.

सुरुवात बसच्याही आधीपासून करावी लागेल. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, एक कुलाबा ते पायधुणी आणि दुसरी बोरीबंदर ते पायधुणी. वीस डबे आणि दोनशे घोडे. १९०५ पर्यंत घोडे १,३६० झाले होते. त्याआधी या शहरात ज्याची ऐपत त्याची पालखी, बग्गी नाहीतर शिग्राम, आणि बाकीच्यांचे दोन पाय. कुलाबा ते पायधुणी भाडे होते तीन आणे. साध्या मजुराच्या दिवसाच्या कमाईशी ताडून पाहिले तर ही रक्कम थोडी नव्हती. पुढे ट्राम चालवणाऱ्या कंपनीने ते दोन आण्यांवर आणले. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका खासगी कंपनीला, तेही नफ्यासाठी धंदा करणाऱ्या, जे लवकर उमगले ते पुढे सार्वजनिक उपक्रमाला पुन्हा पुन्हा शिकावे लागले आहे. त्याकडे मी येतेच.

ट्रामच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, की ट्रामने मुंबईतली जातपात मोडली. इतके सोपे नव्हते. तिकिटावर जात छापलेली नव्हती हे खरे, आणि आणे मोजणाऱ्याला बाकावर बसण्याचा हक्क होता हेही खरे. पण त्याच काळात गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, दलित कामगारांना घेत नसत. कांडीचा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या तोंडची कांडी इतरांना चालत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उभा केला तेव्हा संपाचे पुढारीही अडचणीत आले होते. म्हणजे साच्यापाशी सोवळे आणि ट्रामच्या बाकावर ओवळे, अशी ही मुंबई. बाकावर शेजारी बसणारा माणूस चाळीच्या नळावर मात्र वेगळ्या रांगेत उभा होता. वाहनाने माणसे जवळ आणली ती दोन थांब्यांच्या मधल्या वेळापुरती. त्या वेळाचे मोल कमी नाही, पण त्याला समतेचा पाळणा म्हणू नये.

दुसरी सोयीस्कर समजूत अशी की ट्राम हे गिरणी कामगारांचे वाहन. गिरणगाव वसलाच मुळी भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. परळ, लालबाग, डिलाईल रोड, भायखळा इथला बहुतेक कामगार गिरणीपासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर राहत होता आणि चालतच पाळीला जात होता. ट्रामने खरा फायदा करून दिला तो पांढरपेशांचा. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यातून दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी झाली. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली आणि पुढे ती दादर, किंग्ज सर्कलपर्यंत गेली. कचेरी फोर्टात आणि बिऱ्हाड हिंदू कॉलनीत, हे ज्याला जमले त्या कारकुनाच्या घरी मुलांना अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, हवा मिळाली, दारापुढे झाड आले. मध्यमवर्गीय मराठी घर म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते त्यातले बरेच काही या रुळांनी शक्य केले. रूळ जिथे पोहोचले नाहीत तिथे काय झाले, हे शोधायला मात्र तुमच्या दप्तराशिवाय दुसरी जागा नाही.

बसही सुरुवातीला सगळ्यांची नव्हती. १९२६ मध्ये ती बरे पैसे मिळवणाऱ्यांची गाडी होती, ट्राम गरिबांची. तरी पहिल्या साडेपाच महिन्यांत सहा लाख प्रवासी आणि पुढच्या वर्षभरात अडतीस लाख, हे आकडे बेस्टनेच सांगितलेले आहेत. उत्तर भागात बस पोहोचायला १९३४ उजाडले.

मग आला ७ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी महापालिकेने बस आणि ट्राम चालवणारी कंपनी ताब्यात घेतली. २४२ बस, २३ मार्ग, दिवसाला २ लाख ३८ हजार प्रवासी. तुम्ही दरवर्षी या दिवशी 'बेस्ट दिन' साजरा करता, पण त्या दिवशी खरे काय बदलले ते भाषणांत फारसे येत नाही. त्या दिवसापासून बस कुठे जावी हे भागधारकांऐवजी नगरसेवक विचारू लागले. वस्तीत बस येत नाही म्हणून माणसे नगरसेवकाच्या दारात जाऊ लागली. महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढली, पार दहिसर-मुलुंडपर्यंत, आणि बसने तिथवर जावे हा लोकांचा हक्क झाला. आणखी एक गोष्ट. बेस्ट बसबरोबर वीजही पुरवते. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच, बस मात्र सगळ्या मुंबईत आणि हद्दीबाहेरही. वीजखात्याच्या शिलकीतून बसची तूट भरली जात होती. म्हणजे फोर्टातल्या बँकेने आणि काळबादेवीच्या पेढीने भरलेल्या वीजबिलातला काही भाग गोवंडीच्या बसचे डिझेल होत होता. याला तुम्ही हिशेबातली गफलत म्हणता की शहराने आपल्याच लोकांशी केलेला करार? मी दुसरे म्हणेन. नवा वीज कायदा आला, नियामक आयोग आला, वीजग्राहकांच्या हरकती आल्या, आणि गेल्या दशकात ही वाट बंद झाली. ग्राहकांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण एक वाट बंद करताना दुसरी काढायची असते. ती आजतागायत नीट निघालेली नाही, आणि बेस्ट दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी पालिकेच्या दारात पदर पसरून उभी राहते.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. लोक तिला निरोप द्यायला रस्त्यावर जमले होते. नंतर आपण तिला इतके पुसून टाकले की २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी खोदकामात जुने रूळ सापडले तेव्हा ती बातमी झाली, आणि सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत ठेवायला ट्रामचा डबा कोलकात्याहून आणावा लागला. नव्वद वर्षे ट्राम चालवणाऱ्या शहराची ही गत. ट्रॉलीबसचे, म्हणजे वरच्या तारेतल्या विजेवर चालणाऱ्या बसचे, तर नावही कोणाला आठवत नाही. १९६२ ते १९७१ एवढेच तिचे आयुष्य.

ज्या बदलावर खरे तर तुमच्या संग्रहालयात एक पूर्ण दालन हवे, तो घडला १९८२ नंतर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मोडला म्हणता म्हणता गिरण्याच बंद पडत गेल्या. मी परळची. आमच्या चाळीतून एकेक बिऱ्हाड उठले ते नालासोपाऱ्याला, विरारला, डोंबिवलीला, बदलापूरला गेले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कामावर जाण्यासाठी तिकीट काढले नव्हते, त्याची मुले रोज दोन-दोन तास लोकलमध्ये उभी राहू लागली. आणि गंमत पाहा, चाकरी कुठे? त्याच लोअर परळला, बापाच्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, कोणी सुरक्षा रक्षक, कोणी हिशेबनीस. जागा तीच, फक्त पंधरा मिनिटांची वाट ऐंशी-नव्वद मिनिटांची झाली. ही वाढलेली वेळ कोणाच्या हिशेबात धरलेली नाही, गिरणीमालकांच्या नाही आणि शहराच्या विकास आराखड्यातही नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली तेव्हा सगळे पुलाच्या रुंदीबद्दल बोलत होते. तो पूल गिरण्यांच्या काळचा आणि गर्दी कॉर्पोरेट कचेऱ्यांची, एवढे जरी कोणी आधी मांडून पाहिले असते तरी पुरे होते. त्या दशकांत स्थानकापासून कचेरीपर्यंतच्या बसफेऱ्या कधी, किती आणि कोणत्या वेळेला वाढल्या? वाढल्या का? याचे उत्तर तुमच्या वेळापत्रकांच्या जुन्या फायलींत असणार.

बायकांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या इतिहासात त्या नेहमी 'राखीव आसने' या दोन शब्दांत संपतात. नर्स, महापालिकेच्या शाळांतल्या शिक्षिका, टेलिफोन ऑपरेटर, टायपिस्ट, या बायका घराबाहेर पडल्या त्या बस आणि लोकल होती म्हणून. घरच्यांनी परवानगी दिली त्यातही 'बस थेट दारात येते' या वाक्याचा वाटा मोठा होता. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त महिलांसाठी लोकल सुरू झाली. तोवर महिलांच्या डब्यात एक जगच उभे राहिले होते. तिथे भाजी निवडली जात होती, भिशी चालत होती, हळदीकुंकू होत होते आणि सासूची गाऱ्हाणीही निघत होती. बसमध्ये असे जग उभे राहत नाही, प्रवास छोटा असतो. पण बसमध्ये ज्यांना जागा नाकारली गेली त्यांचे काय? भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळिणीला बसमध्ये घ्यायचे की नाही, यावरून किती थांब्यांवर हुज्जत झाली असेल. लोकलमध्ये तिच्यासाठी निदान मालडबा होता. बसमध्ये सामानाचे नियम होते आणि नाक मुरडणारे सहप्रवासी. या नियमांची जुनी परिपत्रके बाहेर आली तर शहराने कोणत्या वासाला प्रवासी मानले आणि कोणत्या वासाला सामान, हे कागदावर वाचता येईल. पहाटे साडेचारला निघणाऱ्या बसमधल्या सफाई कामगार बायका, रात्री उशिराच्या बसमधल्या रुग्णालयाच्या आया, यांच्यासाठी फेरी कोणी मागितली आणि कोणी मंजूर केली, हेही.

आता चालक आणि वाहक. जॉनी वॉकर सिनेमात येण्याआधी बेस्टमध्ये कंडक्टर होते, हा किस्सा प्रत्येक स्मरणिकेत असतो. त्यांच्याबरोबर दोरी ओढणारे बाकीचे हजारो कुठे आहेत? कोकणातून, घाटावरून आलेली ही माणसे. बेस्टची नोकरी लागली म्हणजे मुलगी द्यायला हरकत नाही, असे गावाकडे म्हणत. वसाहतीत घर, मुलांना शाळा, भविष्यनिर्वाह निधी. डबलडेकरच्या जिन्यावर दिवसभर वरखाली करून गुडघे गेले ते वेगळे. तिकिटाच्या पेटीतले रंगीत कागद, पंच टकटकवत गर्दीतून पुढे सरकणारा हात, शेवटच्या फेरीनंतर डेपोत बसून पैशाचा हिशेब, आणि रक्कम कमी पडली तर ती पदरची. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद होत्या तेव्हा डॉक्टर, नर्स, सफाई कामगार यांना कामावर पोहोचवले ते याच लोकांनी. त्यांच्यातले कित्येक त्या साथीत गेले.

त्याच बेस्टमध्ये आज बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या आहेत आणि त्या चालवणारे चालकही त्यांचेच. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवस संप केला. नऊ दिवस शहर चिडले, दहाव्या दिवशी विसरले. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने माणसे चिरडली, नऊ जण गेले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण चालकाला त्या गाडीचे प्रशिक्षण किती दिवस मिळाले होते, हा प्रश्न तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक माणूस विचारत होता. बेस्टच्या जुन्या चालकाला गाडी हाती मिळण्याआधी काय काय करावे लागत होते, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. ट्रामच्या शेवटच्या वर्षांत नोकरीला लागलेल्यांनी तर आता ऐंशी ओलांडली. त्यांना बोलते करायला आयोग नको, तज्ज्ञांची समिती नको. एक चांगला रेकॉर्डर, धीर धरणारी चार तरुण मुले आणि वसाहतींतले पत्ते पुरतात.

तुम्ही म्हणाल, बाई, गाड्या नाहीत आणि तुम्हाला इतिहास सुचतो आहे. पण गाड्या का नाहीत, याचेच उत्तर त्या इतिहासात आहे. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा आता तीन हजारांच्या आत आला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नऊशेच्या आसपास डबलडेकर होत्या, त्यातली शेवटची डिझेलवरची सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठवरून पाच रुपयांवर आणले, तेव्हा शेअर रिक्षाकडे गेलेले प्रवासी काही महिन्यांत लाखोंनी परत आले. १८७० च्या दशकातल्या ट्राम कंपनीचा धडा हाच नव्हता का? मे २०२५ मध्ये तेच भाडे एका फटक्यात दहा झाले, वातानुकूलित बसचे सहाचे बारा. कारण दिले तोट्याचे. पाच रुपयांत जी मोलकरीण दिवसाला दोन बस बदलत होती ती आता एकच पकडते आणि उरलेली वाट चालते. तिची पायपीट तुमच्या ताळेबंदात कुठे दिसणार? आयुक्त महोदय, याच महापालिकेने सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च केले. त्या मार्गाला तोट्यात आहेस का, असे कोणी विचारत नाही. मोटारवाल्यांना तिथे टोलही नाही. मेट्रोच्या मार्गिका येत आहेत, उत्तम आहे, पण मेट्रोच्या दारात उतरलेल्या माणसाला घरी न्यायला शेवटी बसच लागते.

दप्तर म्हणजे मला नेमके काय हवे आहे तेही लिहिते. कंडक्टरचे वेबिल म्हणजे नुसता हिशेबाचा कागद नव्हे. कोणत्या मार्गावर, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या टप्प्यापर्यंत किती तिकिटे गेली, ते सगळे त्यात आहे. अशी पाच-पन्नास वर्षांची वेबिले शेजारी शेजारी ठेवली तर गिरणीची पाळी कधी बंद पडली, कचेऱ्या कधी उत्तरेला सरकल्या, ते दिसेल. त्याशिवाय भाडेपत्रके, वेळापत्रके, मार्ग सुरू आणि बंद केल्याचे ठराव, प्रवाशांच्या तक्रारवह्या, सामानाची परिपत्रके. आता तिकिटाची नोंद यंत्रात आणि अॅपमध्ये राहते. ती पुढे कोणाच्या मालकीची असेल आणि कंत्राट संपल्यावर कुठे जाईल, हे आजच्या करारांत लिहिले आहे का? नसेल तर लिहा. आणिक आगारातले तुमचे संग्रहालय चांगले आहे, प्रवेशही मोफत आहे, पण मुंबईत किती जणांना ते ठाऊक आहे? त्यातली एखादी गाडी बाहेर काढून वस्त्यावस्त्यांतून फिरवा, आणि आत यंत्रांऐवजी माणसांच्या आठवणी लावा. डेपोंच्या जमिनींवर पुनर्विकासाचे बेत चालू आहेत. पाडकाम सुरू झाले की पहिल्यांदा कपाटे रिकामी होतात, हे मी महापालिकेच्या शाळांत नोकरी केली असल्यामुळे सांगू शकते.

समारंभाच्या खर्चातला थोडा हिस्सा यासाठी बाजूला काढला तर पुरेल. यापैकी कोणते कागद आज बेस्टकडे आहेत आणि ते कोणत्या डेपोत ठेवले आहेत, याची एक साधी यादी १५ जुलैच्या आधी जाहीर करा. कागद रद्दीत गेले असतील, तर कोणत्या साली आणि कोणाच्या सहीने गेले, तेही त्याच यादीत लिहा.

आपली,
परळची एक बसप्रवासी